सर्व्हरची दसऱ्याची सुट्टी

दसऱ्याच्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता अमृत तिकोणे यांनी स्वतःच्या हाताने आपला सर्व्हर बंद केला. कुणी जबरदस्ती केली नव्हती, वीज गेली नव्हती, यंत्रही बिघडलं नव्हतं. पूजा करायची होती म्हणून बंद केला.

सर्व्हर हे प्रकरण त्यांच्या घरात यायचं खरं तर काही कारण नव्हतं. अमृतराव तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअर्स खात्यात अधिकारी. नटबोल्ट, बेअरिंग आणि हातमोजे यांची आवक-जावक बघणारा माणूस. पण कारखान्याच्या संगणक विभागाने एक जुना सर्व्हर भंगारात काढला आणि भंगाराची यादी करायचं काम अमृतरावांकडे आलं. यादी लिहिता लिहिता त्यांचा जीव त्या खोक्यावर जडला. रीतसर अर्ज करून, तीन साहेबांच्या सह्या घेऊन, त्यांनी तो लोणावळ्याला तुंगार्लीच्या आपल्या घरी आणला. पत्र्याच्या ट्रंकेएवढा, उचलायला दोन माणसं लागतील असा, आणि चालू केला की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज करणारा. त्यांच्या पत्नी चैतालीवहिनींनी तो जिन्याखालच्या फडताळात ठेवायला परवानगी दिली, पण फडताळाचं दार कायम बंद राहील या अटीवर.

मग अमृतरावांनी व्हिडिओ बघायला सुरुवात केली. एकूण बारा भाग होते. त्यातले नऊ त्यांनी वहीत टिपणं काढत बघितले. उरलेल्या तिनांत काय असणार, याचा अंदाज त्यांना आला होता.

"ह्या एका खोक्यात दोन कॉम्प्युटर आहेत, आई," त्यांनी एका रविवारी आपल्या मातोश्रींना, बयाबाईंना, समजावून सांगितलं. "दिसत नाहीत, पण आहेत."

बयाबाईंनी चष्मा वर सरकवून खोक्याकडे बघितलं. "दिसत न्हाईत तर हायेत कशावरनं?"

"एक पहारेकरी आहे. त्याला फायरवॉल म्हणतात. घरात येणारं-जाणारं सगळं इंटरनेट तो तपासून सोडतो. घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला नंबरसुद्धा तोच देतो. आणि दुसरा आहे कोठीवाला. आपले सगळे फोटो, कागदपत्रं, व्हिडिओ तो सांभाळतो."

"आन् दोगं ह्या एकाच खोक्यात ऱ्हात्यात?"

"हो."

"भांडत न्हाईत?"

"नाही भांडत."

"मंग न्हाईतच आत कोन," असं म्हणून बयाबाई निवडायला घेतलेल्या पालेभाजीकडे वळल्या.

शेजारच्या जानूभाऊंना मात्र आतल्या दोघांच्या अस्तित्वाबद्दल शंका नव्हती, कारण घरघर त्यांच्या भिंतीतून ऐकू येत होती. जानूभाऊ रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले आणि आता सोसायटीचे सेक्रेटरी. भिंतीला भिंत लागून राहत असूनही त्यांनी 'जिन्याखालील घरघरीबाबत' असा विषय घालून लेखी पत्र पाठवलं. अमृतरावांनी दोन पानी तांत्रिक खुलासा दिला. तो वाचून जानूभाऊ स्वतः आले, फडताळापुढे हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "अमृतराव, आवाजाचं सोडा. पण पहारेकरी आणि कोठार एकाच खोक्यात? आमच्या खात्यात असं कुणी केलं असतं तर त्याला भुसावळला पाठवला असता."

"तंत्रज्ञान पुढे गेलंय, जानूभाऊ."

"जाऊ दे ना. पण परत कसं येणार, ते बघून ठेवलंय का?"

हा प्रश्न अमृतरावांना फार झोंबला. सिग्नलचे दांडे खाली-वर करण्यात हयात घालवलेल्या माणसाने हा विचारावा, हे त्यांना पटलं नाही. त्यांनी त्याच आठवड्यात 'आपत्कालीन पुस्तिका' नावाचा चौदा पानांचा दस्तऐवज तयार केला. अनुक्रमणिका, आकृत्या, पानांना क्रमांक. सर्व्हर कधी काळी बंद पडलाच तर काय करायचं, ते सगळं त्यात पायरीपायरीने होतं. नव्या, तेवीस अक्षरी पासवर्डसकट. आणि ही पुस्तिका त्यांनी घरातल्या सर्वांत सुरक्षित जागी ठेवली, म्हणजे कोठीवाल्याकडे, सर्व्हरच्या आत. कागदावर छापून ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटलं.

मधल्या काळात इंटरनेट कंपनीशी झालेला पत्रव्यवहार हा वेगळाच विषय आहे. कंपनीने दिलेल्या राउटरच्या डब्याने मधून बाजूला व्हावं आणि सगळा कारभार आपल्या पहारेकऱ्याच्या हाती द्यावा, एवढीच अमृतरावांची मागणी होती. कंपनीने अर्ज मागवला. अर्जात कारणांचे रकाने होते : स्थलांतर, नावात बदल, ग्राहकाचा मृत्यू आणि इतर. अमृतरावांनी 'इतर'वर खूण केली आणि खाली बारीक अक्षरात पहारेकऱ्याची माहिती लिहिली. आठ दिवसांनी कंपनीचा माणूस नवीन वायर घेऊन आला. वायर नको आहे हे सिद्ध करायला आणखी सहा दिवस गेले. पण आषाढात एकदाचा कारभार सुरू झाला, आणि त्या दिवसापासून सर्व्हर एकदाही बंद झाला नव्हता. "बारा महिने चोवीस तास," असं अमृतराव पाहुण्यांना सांगत, आणि पाठोपाठ पासवर्ड कसा असावा यावर बोलत. पाहुणे चहा गार व्हायच्या आत पिऊन घेत.

इथवर जे झालं त्यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं. खरी गोष्ट झुंबरमावशीची आहे.

झुंबरमावशी म्हणजे बयाबाईंची धाकटी बहीण. आंदर मावळात, जीप जिथे संपते तिथून पुढे पाऊण तास चालत गेलं की तिचं घर. मागच्या वर्षी दिवाळीनंतर तिचे मालक, अंबाजीकाका, छातीत दुखायचं निमित्त होऊन गेले. काका डेअरीच्या गाडीवर असायचे, सदानकदा बाहेर. मावशीला वाचता येत नव्हतं आणि काकांना लिहायचा कंटाळा, त्यामुळे ते मोबाईलवर बोलून निरोप पाठवायचे. असे दोनशेच्या वर निरोप मावशीच्या फोनमध्ये साठले होते. 'कान्ह्याच्या टेसनात उतरलोय, जीप न्हाई, चालत येतोय.' 'म्हशीला पेंड टाकलीस का?' 'छत्री घरीच ऱ्हायली बग.' त्यात जपून ठेवण्यासारखं काही नव्हतं आणि मावशी ते रोज ऐकत होती.

गौरी-गणपतीत ती लोणावळ्याला आली तेव्हा फोन भरून अडकला होता. उघडायला पाच मिनिटं घ्यायचा. ती तो घेऊन स्टेशनाजवळच्या पिंकीताईंच्या दुकानात गेली. पिंकीताई मोबाईल दुरुस्त करतात, दुकानांना, बंगल्यांना कॅमेरे बसवून देतात. त्यांनी फोन बघितला आणि म्हणाल्या, "एक कार्ड टाकून देते मावशी, सगळं फोनमध्येच राहील." तेवढ्यात मावशीला शोधत अमृतराव तिथे पोहोचले.

"कार्ड?" चार गिऱ्हाइकांसमोर ते हसले. "पिंकीताई, कार्ड हरवतं. आमच्याकडे व्यवस्था आहे."

पिंकीताईंनी खांदे उडवले आणि फोन परत दिला. अमृतरावांनी घरी येऊन ते सगळे निरोप सर्व्हरमध्ये घेतले आणि फोनमधून पुसून टाकले, कारण जागा मोकळी करायची होती. मावशीने दोनदा विचारलं, "आत हायेत नव्हं?" आणि अमृतरावांनी दोन्ही वेळा तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "तिजोरीत आहेत, मावशी."

तर, दसरा. सकाळी बयाबाईंनी पूजेची मांडणी केली. कोयता, विळी, शिलाई मशीन, मिक्सर, अमृतरावांचा लॅपटॉप, बाहेर स्कूटर. सगळ्यांना हळदीकुंकू, झेंडू, आणि दाराला झेंडूबरोबर भाताच्या लोंब्यांचं तोरण. मग त्यांनी जिन्याखाली बोट केलं. "त्यालाबी थांबीव."

"आई, तो थांबवायचा नसतो. तो बारा महिने चालतो."

"दसऱ्याला आपल्यात औतबी धरीत न्हाईत. बारा म्हैने राबतोय म्हंजी त्याला आज सुट्टी पायजेच. चालत्या यंत्राला कुक्कू लावू का?"

अमृतराव नाही म्हणू शकले असते. पण जानूभाऊ आपट्याची पानं मागायला दारात उभे होते आणि बंद केला तर तुम्हाला तो परत चालू करता येतो ना, अशा चेहऱ्याने बघत होते. निदान अमृतरावांना तो चेहरा तसा वाटला. "एक बटण आहे," ते मोठ्याने म्हणाले. "पूजा झाली की पाच मिनिटांत उभा राहतो." आणि त्यांनी बटण दाबलं.

घरघर थांबली. घर एकदम इतकं शांत झालं की चैतालीवहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेल्या. बयाबाईंनी सर्व्हरला कुंकवाची पाच बोटं लावली आणि जाळीत झेंडूची फुलं खोचली. नारळ मात्र अमृतरावांनी लांब अंगणात नेऊन फोडला आणि पाण्याचा एक थेंब आत येऊ दिला नाही. इतकी काळजी त्यांनी घेतली होती, याची नोंद व्हायला हवी.

साडेदहाला त्यांनी बटण दाबलं. गिरणी सुरू झाली, हिरवे दिवे लागले. अमृतरावांनी दार लावलं आणि हात झटकले. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, अर्धा तास झाला.

"अहो, नेट?" चैतालीवहिनींनी आतून विचारलं.

"येतंय."

येत नव्हतं. अमृतराव लॅपटॉप घेऊन जिन्याखाली बसले आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं ते असं. खोकं जागं झालं होतं, पण आतले दोघे झोपलेलेच होते. त्यांना उठवायचं तर सर्व्हरचं पान लॅपटॉपवर उघडायला हवं. ते उघडायचं तर लॅपटॉपला नंबर हवा. नंबर देणार पहारेकरी. पहारेकरी झोपलेला. यातून बाहेर कसं पडायचं, ते पुस्तिकेच्या नवव्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पुस्तिका कोठीवाल्याकडे होती. कोठीवालाही झोपलेला होता.

अमृतरावांनी लॅपटॉप मिटला. पुस्तिका लिहिताना आपण किती खूश होतो, हे त्यांना आठवलं आणि एकटे असूनही त्यांचे कान तापले.

साडेअकराला झुंबरमावशी आली. पहाटे निघून, पाऊण तास चालून, जीपने कान्ह्याला आणि तिथून लोकलने. पिशवीत आपट्याची पानं आणि नव्या तांदळाची पुरचुंडी. पाणी पिऊन होताच तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "अमृत, काकाचं त्ये दसऱ्याचं ऐकव. मागल्या दसऱ्याला धाडलेलं. सोनं घे म्हनलेत त्यात. तेवढ्यासाटीच आलेय. सांजच्याला सहाच्या लोकलनं जाते."

आता अमृतराव काय म्हणाले ते सांगायला लेखणी जरा अडखळते. ते म्हणाले, "मावशी, आज त्याची पूजा झालीये. पूजेतलं यंत्र लगेच चालू करत नाहीत."

बयाबाईंनी आपल्या मुलाकडे बघितलं. साडेदहाला त्यांनी त्याला बटण दाबताना पाहिलं होतं. गिरणीचा आवाज आत्ताही येत होता. पण त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या, आणि ते उठून जाणं अमृतरावांना थोबाडीत मारल्यापेक्षा जास्त लागलं. मावशीने मात्र मान डोलावली. "व्हय की, बराबर हाय. राबनाऱ्याला एक दीस सुट्टी पायजे. बसते मी." आणि ती खरंच भिंतीला टेकून बसली.

जेवताना अमृतरावांचं श्रीखंड वाटीतच राहिलं. दर दहा मिनिटांनी ते हात धुवायला म्हणून उठायचे आणि जिन्याखाली जायचे. सर्व्हरला पडदा जोडला तर काम होईल, एवढं त्यांनी फोनवर शोधून काढलं. पण सर्व्हरच्या पाठीला जुन्या पद्धतीची निळी जोडणी होती आणि ती टीव्हीला लागत नव्हती. जुना मॉनिटर घरात होता. 'आपल्या सर्व्हरला पडद्याची गरजच नाही,' असं सांगून तो अमृतरावांनी स्वतः घटस्थापनेच्या साफसफाईत भंगारवाल्याला दिला होता.

त्यांनी इंटरनेट कंपनीला फोन लावला. सणाच्या शुभेच्छा ऐकवून झाल्यावर एका बाईंनी डबा बंद करून चालू करायला सांगितलं. अमृतरावांनी परिस्थिती समजावून सांगितली. बाई बराच वेळ काहीतरी वाचत होत्या. "सर, आपल्या अर्जावर कारण 'इतर' असं दिसतंय," त्या म्हणाल्या. "इतरसाठी कार्यालयीन दिवशी फोन करावा लागेल."

दोन वाजता जानूभाऊ विडा खात आले आणि न विचारता फडताळापुढे उकिडवे बसले. त्यांनी वायरी काढून परत लावायला सांगितल्या. मग फुलं काढायला सांगितली. मग, बयाबाईंनी पाच बोटं लावली ती उजवीकडून लावली की डावीकडून, अशी चौकशी केली. शेवटी ते म्हणाले, "पिंकीकडे मॉनिटर आहे. कॅमेरे तपासायला वापरते ती. निळ्या जोडणीचा."

"तिच्याकडे कशाला? होईल आता."

"अमृतराव, गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये उभी आहे. कबूल केल्याशिवाय इंजिन मिळत नाही."

अमृतराव कबूल करणार नव्हते. चार गिऱ्हाइकांसमोर आपण हसलो होतो, ते त्यांना आठवत होतं आणि पिंकीताईंनाही आठवत असणार, याची त्यांना खात्री होती. त्यांनी वायरी पुन्हा एकदा काढून लावल्या. साडेतीनला चैतालीवहिनी फडताळाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मावशी मला विचारत होत्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आवाज इतके दिवस आत राहिला की बारीक तर होत नाही ना. मी काय सांगू?"

अमृतरावांनी उठून स्कूटरची चावी घेतली. हँडलला झेंडूचा हार तसाच होता.

पिंकीताईंचं दुकान बंद होतं. मागेच त्यांचं घर. तिथे पाटावर स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टेस्टर ओळीने मांडलेले, आणि मधोमध तो मॉनिटर, कुंकू लावलेला, डोक्यावर फूल. अमृतरावांनी आधी हवापाण्याबद्दल बोलून बघितलं. मग दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या. मग भुशी धरणाकडच्या गर्दीचा विषय काढला. पिंकीताई दाराला टेकून ऐकत होत्या.

"मावशींचे आवाज गेले का?" त्यांनी विचारलं.

"गेले नाहीत. आहेत. फक्त दार उघडत नाहीये."

"कार्ड हरवतं म्हणाला होतात तुम्ही."

"म्हणालो होतो," अमृतराव जमिनीकडे बघत म्हणाले.

पिंकीताई आत वळल्या. हात धुऊन त्या पाटापुढे बसल्या, मॉनिटरवर अक्षता टाकल्या, नमस्कार करून तो जरासा हलवला. "बाकीच्यांना राहू दे. ह्याची सुट्टी संपली," असं म्हणून त्यांनी तो गोधडीत गुंडाळला.

अमृतरावांचा बेत त्यांना मागच्या दाराने नेण्याचा होता. "मागचं दार कशाला, पुढचं बंद आहे का?" असं विचारून पिंकीताई गोधडीतला मॉनिटर कमरेवर घेऊन सरळ बैठकीतून गेल्या. मावशी उठून बसली. "सुट्टी संपली व्हय त्याची?" तिने विचारलं.

जिन्याखाली पडदा उजळला. पासवर्ड मागत होता.

"तो तेवीस अक्षरी आहे," अमृतराव म्हणाले. "पुस्तिकेत."

"पुस्तिका कुठंय?"

अमृतरावांनी सर्व्हरकडे बोट केलं. मागे जानूभाऊ खाकरले. पिंकीताईंनी क्षणभर विचार केला आणि कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं, एक शब्द आणि पुढे एक-दोन-तीन. सर्व्हर उघडला.

"व्हिडिओत जो दाखवतात तोच आहे की," त्या म्हणाल्या. "बदलला नव्हता का तुम्ही?"

बदलला नव्हता. व्हिडिओतला माणूस टाइप करत होता तेच अमृतरावांनी चूक होऊ नये म्हणून जसंच्या तसं केलं होतं. नंतर तेवीस अक्षरांचा पासवर्ड तयार केला, पुस्तिकेत सुबक अक्षरात लिहिला, आणि सर्व्हरला कळवायचा राहून गेला. सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना पासवर्डवर व्याख्यानं देणाऱ्या माणसाच्या किल्ल्याचं दार चार महिने नुसतं लोटलेलं होतं. अमृतरावांना फडताळात शिरून दार आतून लावून घ्यावंसं वाटलं, पण फडताळात पिंकीताई बसल्या होत्या.

पडद्यावर दोनच ओळी होत्या, पहारेकरी आणि कोठीवाला, दोघांपुढे 'बंद' असं लिहिलेलं. पिंकीताईंनी आधी एकाला उठवलं, मग दुसऱ्याला. मग एका चौकोनात खूण केली. "मशीन चालू झालं की ह्यांनीही उठायचं, असं सांगायचं राहिलं होतं. दहाव्या भागात सांगतात ते."

पावणेपाचला वायफाय आलं. कोठार उघडलं. मावशीचे सगळे निरोप जागच्या जागी होते, एकही कमी नव्हता.

इथे ही गोष्ट संपवली असती तर अमृतरावांची जेमतेम अब्रू शिल्लक राहिली असती. पण निरोपांची ती लांबलचक यादी बघून त्यांच्या अंगात परत बळ आलं. आपली व्यवस्था मुळात बरोबर होती, असं त्यांना वाटू लागलं. त्यांनी गणपतीतला मोठा स्पीकर माळ्यावरून काढला आणि बैठकीत मधोमध आणून ठेवला.

मावशी चुळबुळली. "अमृत, फोनवरच लाव, बारीक. मी आतल्या खोलीत जाऊन ऐकते."

"असं कसं, मावशी? सगळ्यांना ऐकू दे ना काकांना. जानूभाऊ, बसा. पिंकीताई, तुम्हीही बसा."

"नगं रं. बारीक लाव."

पण अमृतरावांनी गेल्या दसऱ्याची तारीख शोधून बटण दाबलं होतं. आधी रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आला, मग काकांनी घसा साफ केला. मावशीने डोळे मिटून घेतले.

"झुंबर," काका म्हणाले, एवढ्या मोठ्याने की खिडकीची काच थरथरली. "सोनं घे, सोन्यावानी ऱ्हा. मी कामशेतात हाय, गाडी उतरवून येतो. आन् तुजा फोन भरलाय म्हनतीस तर लोनावळ्याला टेसनाजवळ ती बाई हाय, तिला दाव. बयाताईच्या अमृतला दावू नगं. पोरगं लय गुनी हाय, जीवबी लावतंय, पर त्याला मला येत न्हाई असं म्हनता येत न्हाई. उनाळ्यात त्यानं हिरीवरचा पंप नीट करून दिला, त्याफुडं दोन म्हैने आपुन बादलीनं पानी शेंदलं. त्याला काय बोलू नगंस. वाईट वाटंल त्याला. ठेवतो."

स्पीकर थांबला. जानूभाऊ छताकडे बघत होते. पिंकीताई मॉनिटरची वायर गुंडाळत होत्या, ती आधीच गुंडाळलेली होती. मावशीने डोळे पुसले आणि हलकेच म्हणाली, "म्हनून म्हनलं, बारीक लाव."

अमृतरावांना त्या उन्हाळ्यातला पंप आठवला. काम झाल्यावर मावशीने त्यांना आमरस वाढला होता, काकांनी पाठीवर थाप मारली होती, आणि ते शीळ घालत घरी आले होते. त्यानंतर गावातली तीन-चार घरं फिरून आणखी कुणाचा पंप बघायचा आहे का, असंही त्यांनी विचारलं होतं. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. सकाळपासूनची सगळी लाज तिच्यापुढे किरकोळ होती.

"दोन महिने?" त्यांनी विचारलं.

"दीडच. त्यांना वाडवून सांगायची सवय व्हती."

"सांगायचंस ना गं, मावशी."

"कसं सांगू? तू लय खुशीत व्हतास."

मग तिने कमरेचा फोन काढून त्यांच्यापुढे धरला. "आता ही समदी परत ह्याच्यात घालून देशील का? घरी ऐकता येत्याल मला."

अमृतरावांच्या तोंडात 'हो, त्यात काय' हे शब्द तयारच होते. सत्तेचाळीस वर्षांच्या सवयीने ते ओठांपर्यंत आलेही. बैठकीतली पाचही माणसं त्यांच्याकडे बघत होती.

"मला येत नाही, मावशी," ते म्हणाले. "म्हणजे, येईल असं वाटतं. पण पुसले जातील याची भीती वाटते. पिंकीताईंना येतं."

मावशीने त्यांच्या पुढ्यातला फोन काढून घेतला आणि पिंकीताईंच्या हातात दिला. मग आपल्या शेजारच्या सतरंजीवर हाताने जागा केली.

"बस हितं," ती म्हणाली. "त्यांचं हुईस्तवर बाकीची ऐकू. मोठ्यानंच लाव आता. तुजं नाव अजून तीन ठिकानी येतंय."

अमृतराव बसले.